सातवा उपाय

"ताकदीची सुकेळी हवीत," कौस्तुभ म्हणाला.

वसईजवळच्या होळी गावातल्या एका वाडीत बांबूच्या मांडवावर सोललेली राजेळी केळी वाळत पडली होती. शेजारी काठी घेऊन प्रेमलता उभी होती. सत्तरीची बाई. चाळीस वर्षं तिचं हेच काम. दिवसभर केळ्यांना ऊन द्यायचं, संध्याकाळी पानात गुंडाळून ठेवायचं, सकाळी पुन्हा उघडायचं. सात दिवस झाले की सुकेळी होतात.

"आज पाचवाच दिवस. परवा ये."

"विरारहून आलोय काकी. आहेत तशी द्या. घरी ओव्हनमध्ये ठेवतो."

"ओव्हनमध्ये ठेव नाहीतर इस्त्री फिरव. कच्चं ते कच्चंच राहणार."

मागे हेल्मेट धरून उभी असलेली त्याची बायको, सीमा, जरासं हसली. प्रेमलताने तिच्याकडे पाहिलं. "तू बस गं सावलीत. चटई आहे बघ तिथे."

सीमा जाऊन बसली. प्रेमलताने कावळा हाकलला.

"ताकद कुणाला हवीय? तुझ्यासारखे खूप येतात. मामाला हवीत म्हणतात. इतके मामा आहेत कुठे वसईत?"

कौस्तुभने आवाज खाली आणला. "हिला हवीत."

"आजारी आहे?"

"नाही. तिला इच्छाच होत नाही. वर्ष झालं."

काठी थांबली. चाळीस वर्षांत बाईसाठी सुकेळी मागायला कुणी आलं नव्हतं. प्रेमलताने पुरुषांना ताकद विकली. ती ताकद त्यांच्या बायकांना हवी होती का, हे कुणी विचारलं नाही. तिनेही नाही.

"हे तुला हवंय की तिला?"

"तिलाच. रडली परवा. म्हणाली, माझ्यातलं काहीतरी मेलंय रे, बघ काही सापडतं का. म्हणून शोधलं. गोळ्या नकोत, नैसर्गिक उपाय." त्याने मोबाइल काढला. "यादीच केलीय."

"वाच."

"वाचू?"

"मला कळू दे ना, बाईची इच्छा कशाने येते ते. माझं वय गेलं, पण ऐकायला काय जातं?"

तो वाचू लागला. "एक, शतावरी, पाच ग्रॅम, दुधातून. दोन, भिजवलेले अक्रोड. तीन, लसूण. चार, खजूर. पाच, केळी. म्हटलं, केळ्यांपेक्षा सुकेळी भारी. सहा, रोज चालणं."

"चालते?"

"स्टेशनपर्यंत. जाऊन येऊन."

"दूध कोण तापवतं?"

"तीच."

"अक्रोड कोण भिजवतं? लसूण कोण सोलतं?"

कौस्तुभ हसला. प्रेमलता हसली नाही, म्हणून थांबला.

"पुढे?"

"सात, झोप. आठ तास. हे काय, सगळ्याच याद्यांत असतं."

"ती झोपते कधी?"

"माझ्यानंतर."

"उठते कधी?"

"माझ्या आधी."

"म्हणजे किती वाजता?"

कौस्तुभने यादीकडे पाहिलं. शतावरी किती ग्रॅम ते त्याला पाठ होतं. हे माहीत नव्हतं.

"तिलाच विचारतो," म्हणून तो वळला.

सीमा चटईवर आडवी झाली होती. हेल्मेट पोटाशी, एक चप्पल अजून पायातच. तोंड उघडं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ चटईवर उतरली होती.

तो पुढे झाला. काठी आडवी आली.

"उठवू नको."

"अहो काकी, उशीर होईल. संध्याकाळी माझे मित्र यायचेत, हिला अजून स्वयंपाक..."

त्याची नजर पुन्हा तिच्या पायातल्या त्या एका चपलेवर गेली.

प्रेमलताने काठी त्याच्या हातात दिली. "कावळे हाक. आवाज करायचा नाही."

ती ओट्यावर जाऊन बसली. तिला बघायचं होतं, हा किती वेळ टिकतो.

पहिली पंधरा मिनिटं तो मोबाइल बघत उभा होता. मग कावळा उतरला. "हुश्श" त्याच्या तोंडाशी आलं होतं, ते त्याने गिळलं आणि धावला. सुक्या पानांवर बूट वाजले, तशी सीमा कुशीवर वळली. त्याने बूट काढले. मग मोबाइलवर चार शब्द टाइप केले, येऊ नका, पुन्हा कधीतरी, आणि तो बुटातच टाकून दिला.

ऊन कलत कलत सीमाच्या तोंडावर आलं. कौस्तुभ दोन पावलं सरकला. त्याची सावली तिच्या तोंडावर पडली. ऊन सरकलं की तो सरकायचा. कावळा आला की पळायचा, परत येऊन तिथेच उभा राहायचा.

प्रेमलता बघत होती. आपल्या झोपेवर कधी कुणी असं उभं राहिलं होतं का, ते तिने आठवून पाहिलं. बाळंतपणात आई. बस.

दीड तासाने सीमा उठली. गालावर चटईची नक्षी. समोर नवरा, अनवाणी, घामाने भिजलेला, हातात काठी.

"काय करतोयस?"

"कावळे."

"उठवलं का नाहीस? तुझे मित्र येणार होते ना?"

"नको म्हणून सांगितलं. तू घोरतेस."

"मी?"

"हो. मला माहीतच नव्हतं."

सीमा हसली. झोपेने आवाज बसला होता. तिने चटईवर हात थोपटला. तो शेजारी बसला. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली, ओळखीच्या घरात एखादी नवी खिडकी दिसावी तशी. मग तिने त्याच्या मानेवर, जिथे उन्हाने लाल झालं होतं तिथे, बोट ठेवलं.

"भाजलास की रे."

बोट तिथेच राहिलं.

मांडवावर कावळा उतरला. त्याने मान वाकडी करून इकडेतिकडे पाहिलं आणि एक अर्धवट सुकेळं चोचीत धरलं. काठी चटईपाशी पडली होती. प्रेमलताने तोंड दुसरीकडे फिरवलं. म्हणाली, "खा."