दुसरा पाट

कुंदाकाकूंनी दोन पाट मांडले तेव्हाच तनय दोन पावलं मागे सरकला. दोन्ही पाटांभोवती रांगोळी, समोर निरांजनाचं तबक घेऊन दुर्वा उभी. भाऊबीज तिची आणि गौरांगची. गौरांग एका पाटावर बसलाही होता, डोक्यावर वडिलांची काळी टोपी, कपाळ पुढे करून.

"बस रे तनय," काकू म्हणाल्या. "तुला बहीण नाही. आमच्या दुर्वाला एक भाऊ जास्त झाला तर काय बिघडते? रोज एका वाटीत खाऊन राहिले दोघं. आजपासून पक्के भाऊ."

काकूंच्या मायेत खोट काढायला जागा नव्हती. दिवाळीआधी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून एकाच ताग्यातलं कापड आणून त्यांनी आपल्या गौरांगला आणि त्याच्या ह्या मित्राला सारखे कुडते शिवले होते. तो कुडता घालून तनय आरशासमोर किती वेळ उभा राहिला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. ते कापड भावाभावांचं होतं, हे आज कळलं.

बसायला काय जात होतं? दोन मिनिटांचं काम. वर्षभर त्याने असंच तर निभावलं होतं. गौरांग वर्गातल्या मुलींबद्दल बोलायला लागला की हसायचं, 'तुला कोण आवडते' म्हटलं की एखादं नाव फेकायचं, आणि घरी आल्यावर स्वतःचाच रागराग करायचा. सतराव्या वर्षी माणूस इतका थकतो, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं.

"काकू, मी नाही बसणार," तो म्हणाला.

"काहून?"

उत्तर खुर्चीत बसलेल्या उल्हासकाकांनीच दिलं. "अच्छाऽ! भाऊ नाही व्हायचं म्हणते पोरगा! दुर्वा, समजलं का तुला?"

"बाबा!" दुर्वा लाल झाली. काकूंनी आधी डोळे मोठे केले, मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सगळ्यांना आयताच विषय मिळाला.

गौरांग उठला आणि तनयला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेला.

"अबे, सीधे बोलना था ना," तो म्हणाला. "मी काय मारून राहिलो तुला? उलट बरंच झालं. तू असला तर मला टेन्शन नाही."

इतकं तयार खोटं तनयच्या हातात आजवर कुणी ठेवलं नव्हतं. नुसतं 'हो' म्हटलं की झालं. हे घर सुटलं नसतं. वडिलांच्या बदलीमुळे तो ज्या जबलपुरात आला होता, त्या अख्ख्या शहरात न विचारता जाता येईल असं हे एकच घर. वर काकूंनी चिडवत चिडवत एक करंजी जास्तच वाढली असती.

"दुर्वा नाही," तो म्हणाला.

"मग पाटावर बसायला काय झालं होतं?"

"तुझा भाऊ नाही व्हायचं मला."

गौरांग हसला. मग त्याने तनयच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. एरवी अशा वेळी तनय नजर चुकवायचा. आज त्याच्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"मजाक करून राहिला?"

"नाही."

गौरांगने टोपी काढली आणि उगाच हातात फिरवली. "मी तसा नाहीये, यार."

"माहीत आहे. मी आहे."

हे त्याने आजवर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. म्हटलं, तर काही झालं नाही. शेजारच्या गल्लीत कुणीतरी उरलेली फटाक्यांची लड लावली, तेवढंच.

"मला तुझ्याकडून काही नकोय," तनय म्हणाला. "आता खोटं बोलवत नाही, एवढंच. फार दमलोय मी."

"अरे, निरांजन विझून राहिलं!" आतून काकूंनी हाक मारली. गौरांग टोपी डोक्यावर ठेवून आत गेला.

तनय अंगणाच्या कडेने पुढच्या दाराशी आला. त्याच्या चपला तिथे होत्या. ह्या पायऱ्या आता पुन्हा चढायच्या नाहीत, असं त्याने गृहीतच धरलं. एक चप्पल पायात सरकवताना त्याला आतलं बोलणं ऐकू आलं. ओवाळणं झालं होतं, काकू दुसरा पाट उचलत होत्या.

"राहू दे तो," गौरांग म्हणाला.

"अरे, पण त्याला ओवाळून घ्यायचं नाही ना?"

"ओवाळू नको. जेवायला बसव. आणि बाबा, दुर्वाचं काही नाही. चिडवू नका त्याला."

"मग काहून नाही म्हणते तो?"

"नाही म्हणते तर नाही म्हणते."

मग गौरांग दारात आला. तनयच्या तोंडाकडे न पाहता, पायाकडे पाहत म्हणाला, "चप्पल काढ."

तनय पाटावर बसला. गौरांगने बसण्याआधी आपला पाट हातभर बाजूला ओढला. रांगोळी फिसकटली. तनयने ते पाहिलं आणि मान खाली घातली. दुर्वाने पुऱ्या वाढल्या. काकूंनी नेहमीसारखी दोघांत मिळून बासुंदीची एकच वाटी आणली आणि नेहमीच्याच जागी ठेवली, तनयच्या पाटाला लागून.

गौरांग बराच वेळ कोरडी पुरी चावत राहिला. तनयनेही वाटीला हात लावला नाही. मग गौरांगने पुरीचा एक तुकडा तोडला आणि वाटीत बुडवला. पाट दूर घेतल्यामुळे त्याला हात जरा लांब करावा लागला.