सतरा नंबरची खोदगाडी

“काळ्या शाईने भरायचा होता,” कारकून म्हणाला आणि त्याने अर्ज खिडकीतून परत सरकवला.

ती पाचव्यांदा आली होती. पहिल्या खेपेला फोटो लहान निघाला. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला जेवणाची सुट्टी चार वाजेपर्यंत लांबली. चौथ्या खेपेचं तर कुणी कारणही सांगितलं नाही.

“मागच्या वेळी निळं पेन तुम्हीच दिलं होतंत.”

“पेन दिलं होतं. सल्ला नव्हता दिला.”

लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या मागच्या मैदानात रांगेने उभ्या होत्या. तिला हवी होती सतरा नंबरची. ट्रकच्या पाठीवर खोदायचा लांब हात, हाताच्या टोकाला दातेरी बादली, आणि सगळ्यावर गंज. शुक्रवारपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर ती कागदपत्रांसकट भंगारात जाणार होती. आज गुरुवार होता.

सोबत आलेल्या मामाचा जन्म गॅरेजमध्ये गेलेला. तो गाडीखाली सरपटत गेला आणि हात पुसत बाहेर आला.

“पोरी, त्यापेक्षा एकवीस नंबर घे. हिचा पंप गेलाय, हात उचलायचा नाही. ही कसला खड्डा खणतेय, हिच्यासाठीच खणावा लागेल!”

“मला हीच हवी.”

“का? दात सोन्याचे आहेत हिचे?”

“खाणीचं काम आहे, मामा. हिच्याशिवाय व्हायचं नाही.”

मामा पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागला. तिचे बाबा खाणीवर मुकादम होते. ते गेल्याला दोन वर्षं झाली, तरी त्यांचा विषय निघाला की मामा असंच काहीतरी करत बसायचा. बंद पडलेली खाण पुन्हा चालू करायचं खूळ पोरीने डोक्यात घेतलंय, असं घरात सगळे म्हणत. तिने कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नव्हतं.

खिडकीशी परतल्यावर मामाने कारकुनाला गाठलं. “शिक्केबुवा, निदान लॉगबुक तरी दाखवा. गाडी कुठे, किती तास राबलीय ते कळू दे.”

“गाडी ज्याच्या नावावर, लॉगबुक त्याच्या हातात. आधी खरेदी.”

“म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी दाखवणार?”

“नियम आहे.”

“ते सांगितलंय त्यांनी मला,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी.”

तिने काळ्या शाईने अर्ज भरला. एका अक्षरावर खाडाखोड झाली म्हणून तो परत आला. तिने दुसरा भरला. मग शिक्क्याची शाई वाळली होती. मग साहेब फोनवर होते. बाकावर बसून तिने दात इतके आवळून धरले होते की जबडा दुखायला लागला. मामा मात्र कारकुनाला ऐकू जाईल अशा बेताने जांभया देत राहिला.

साडेचारला सही झाली. कारकुनाने खिडकीतून किल्ली सरकवली आणि तिच्यामागून तेलाचे डाग पडलेली जाडजूड वही.

“चला, सुटलो,” मामा उठला. “मी क्रेनवाल्याला फोन लावतो. ही आपल्या पायांनी फाटकापर्यंतही यायची नाही.”

“नको, मामा. उद्या जाऊ दे तिला भंगारात.”

मामाने कानाला लावलेला फोन खाली घेतला. तिने किल्ली बाकावर ठेवली आणि पर्समधून चार घड्यांचं सरकारी पत्र काढलं. घड्यांवर ते विरलं होतं. ‘खाणीवर दरड कोसळली त्या दिवसापासून सतरा क्रमांकाच्या खोदगाडीने सलग अकरा दिवस अहोरात्र ढिगारा उपसला. तरीही आपल्या वडिलांचा शोध लागू शकला नाही, याचे आम्हांस दुःख आहे.’

तिने वहीत त्याच तारखांचं पान काढलं. ड्रायव्हरचं अक्षर सुरेख होतं. अकरा ओळी, सगळ्या सारख्या: ‘गाडी शेडमध्ये उभी. काम निरंक.’