चित्राची कापलेली कड

परदेशातल्या अभ्यासदौऱ्यात मुलांना संग्रहालयातलं ते चित्र समजावता समजावता कलेच्या इतिहासाचे सर अडखळले. टेबलाशी बसलेली ही बाई एकटीच शून्यात बघतेय, असं ते पुस्तकातल्या छापील चित्रावरून बावीस वर्षं छातीठोकपणे शिकवत आले होते. मूळ चित्रात मात्र उजव्या कडेला दार होतं आणि दारात एक माणूस. "सर, पुस्तकात हा नाहीये!" एक मुलगी म्हणाली. "छापताना कड कापलीय. मी चुकीचं शिकवलं," सरांनी कबूल केलं. बाहेर येऊन त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. "त्या चित्रातली बाई कोणाची तरी वाट बघतेय, असं तू पेपरात लिहिलं होतंस. मी भोपळा दिला आणि तू विषयच सोडलास. तुझं बरोबर होतं गं." तिने विचारलं, "मग, आला का तो?" "आला. दारात जोडे काढतोय."