साडेसातचा बिघाड

“हा डबा आता काढायलाच हवा, अण्णा,” राउटरच्या पाठीवर तळहात ठेवत मुलगा हर्ष म्हणाला. “दिवसभर तापतो आणि साडेसातला मान टाकतो. नवा मागवलाय, उद्या येईल.”

नरसिंगराव खुर्चीत सरळ झाले. “नऊ वर्षं चाललाय तो. स्वल्प विसावा मागतो, एवढंच.”

“विसावा नेमका मॅचच्या वेळी?”

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली नात स्वानंदी हसली. “अज्जा, तुम्ही आणि राउटर एकाच बॅचचे.”

सून भव्या हसली नाही. ती मुळातच कमी बोले. हातातल्या फोनवरून नजर न उचलता ती म्हणाली, “थंड होऊ दे त्याला. तोवर पानं घेते.”

आणि चौघे जेवायला बसले.

नरसिंगरावांची पत्नी इंदिराबाई गेल्यावर राजाजीनगरच्या त्या दुमजली घरातले सगळे आवाज वरच्या मजल्यावर राहायला गेले होते. हर्ष मॅचपुढे जेवी, स्वानंदी मोबाइलपुढे, आणि नरसिंगरावांचे ताट झाकून खाली येई. ताट ठेवून भव्या लगेच परते. मग श्रावणात राउटर बिघडला. वर मोबाइलचे सिग्नलही धड पोचत नसत. रोज साडेसातला वाय-फायचा दिवा विझे, जिन्यावर पावले वाजत, आणि तो पुन्हा लागेपर्यंतच्या अर्ध्या तासात आमटीत मीठ कमी की जास्त यावर चार मते पडत. नरसिंगराव दुपारपासून त्या अर्ध्या तासाची वाट पाहत. हे कुणाला सांगण्याचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते बागेत फिरायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. पेपर उघडला, मिटला. अकराला खोके आले.

भव्या जमिनीवर बसून नवा राउटर जोडू लागली.

“जुना ठेवला तर नाही का चालणार?” त्यांनी विचारले.

“नको, अण्णा. हल्ली तो दुपारीही बंद पडतो. माझं ऑफिसचं काम अडतं.”

“हा नाही अडणार?”

“हा वेळेचा पक्का आहे.”

एवढे बोलून ती पुन्हा फोनमध्ये बुडाली. बराच वेळ तिचे बोट पडद्यावर फिरत राहिले. नरसिंगरावांना वाटले, हिला काय कळणार. जुना राउटर तिने वायर गुंडाळून कपाटावर ठेवला, तेव्हा घरातून कुणी उठून गेल्यासारखे त्यांना वाटले.

संध्याकाळ झाली. नव्या राउटरचे चार हिरवे दिवे न लुकलुकता जळत होते. वरून मॅचचा गलका येत होता. सव्वासातला नरसिंगरावांनी खुर्ची भिंतीकडे ओढली. सात पंचविसाला आणखी थोडी. आता प्लगचे बटण हाताच्या अंतरावर होते.

अडतीस वर्षे त्यांनी शाळेत मुलांच्या लबाड्या पकडल्या होत्या. आज त्यांचेच बोट बटणाकडे सरकत होते. फक्त आजच्या दिवस, त्यांनी स्वतःला बजावले. उद्याचे उद्या पाहू. घड्याळाचा काटा साडेसातवर आला. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

बोट अजून बटणापर्यंत पोचलेही नव्हते, आणि वाय-फायचा दिवा विझला.

“गेलं,” वरून हर्षचा आवाज आला. “नवा पण तसलाच निघाला.”

जिन्यावर पावले वाजली. हर्ष कुरकुरत आला, मागोमाग स्वानंदी, आणि शेवटी भव्या.

“अण्णा, तुम्ही हात लावला होता का?” हर्षने विचारले.

“नाही,” नरसिंगराव म्हणाले. ते खरेच होते. तरी त्यांचा चेहरा उतरला.

“असू दे,” भव्या म्हणाली. “थंड होऊ दे त्याला. तोवर पानं घेते.”

नरसिंगरावांनी राउटरवर तळहात ठेवला. तो गार होता.

ताटे आणायला जाताना भव्याने आपला फोन त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. पडदा अजून उजळलेला होता. त्यांनी चष्मा लावला. नव्या राउटरच्या वेळापत्रकात एकच नोंद होती: रोज, साडेसात ते आठ, वाय-फाय बंद. त्या नोंदीला तिने नाव दिले होते, ‘अण्णांचं जेवण’.