एक म्हणजे समजलं

पंजाबरावांनी पान्यानं पाइपवर दोन ठोके मारले. उत्तरादाखल दोन ठोके आले. मग त्यांनी एक मारला. एक म्हणजे ‘समजलं’.

बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि आत सुमेध होता, त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी गोळ्यांनी सुरुवात झाली, आता प्रकरण सुईवर आलं होतं. कडी काढून टाकली तर पोरानं आंघोळच सोडली. शेवटी बापलेकांत तह झाला. कडी राहील, पण दर पाच मिनिटांनी बापानं अंगणातून पाइप वाजवायचा आणि लेकानं आतून लोट्यानं उत्तर द्यायचं. हाका मारायच्या नाहीत, हाका शेजारी जातात. युक्ती पोलादाच्या प्लांटमधलीच. मिलच्या गोंगाटात माणसाचा आवाज पोचत नाही, लोखंडाचा पोचतो. पंजाबरावांनी तिथं चौतीस वर्षं असंच बोलून काढली होती. आता घराघरातून फिरत येणाऱ्या या जुन्या पाइपवर ते पोराचा जीव चाचपत होते.

सेक्टर दोनमधल्या क्वार्टरांच्या त्या लाइनीत कुणाला पत्ता नव्हता. वर्ध्याला लग्नाला गेलेल्या बायकोनं तिथल्या नातेवाइकांना सुमेधला कावीळ झाल्याचं सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. यंदा राज्यात नवा कायदा आला. नशेच्या माणसाला गुन्हेगार नाही, रोगी धरायचं. उपचार फुकट. घरच्यांनी मदत मागितली तर पोलीस नाही, दवाखान्याची गाडी येईल. आणि श्वास थांबायला लागला तर नाकात मारायचा फवारा घरी ठेवायला मिळेल. फवारा जवळच्या सुपेल्यातही मिळत होता. पण तिथं ओळखीचे भेटतात म्हणून पंजाबराव बस धरून कुम्हारीला गेले. भेटलाच तिथं शेजारचा भैयालाल, त्यांच्याच मिलमधून रिटायर झालेला, कापडी पिशवी छातीशी धरून स्टॉपवर उभा. आपण नातेवाइकाकडे आलोय, असं दोघांनीही एकमेकांना न विचारताच सांगून टाकलं. भैयालालनं वर आपल्या लेकीचं, टीनाचं, रायपूरला नर्सिंग छान चाललंय हेही सांगितलं.

अकरा चाळीस. दोन ठोके, दोनचं उत्तर, मग एक. पंचेचाळीसलाही तसंच. फक्त उत्तराचा आवाज बदलला होता. लोट्याचा आवाज पोकळ येतो, हा भरीव होता. आणि आत पाणी पडत नव्हतं, एक थेंबही नाही.  पण उत्तर तर येतंय ना, असं म्हणून पंजाबरावांनी मनाची समजूत घातली.

पन्नासचा ठोका मारायच्या आधीच फाटक वाजलं. आरोग्य खात्याची सीमा नव्या कायद्याचा फॉर्म घेऊन घरोघर फिरत होती. घरात कुणाला नशेचा त्रास आहे का, तिनं विचारलं. पंजाबरावांनी फाटक न उघडता सांगितलं, कुणी नाही, मी एकटाच आहे. सीमा हसली. शेजारच्या काकांनीही काल हेच सांगितलं होतं म्हणे. तुमची लाइन म्हणजे सोन्याची लाइन, असं म्हणून ती पुढं गेली.

परत वळताना त्यांना ऐकू आलं. ठक, ठक.

पाना खाली फरशीवर पडला होता. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. पुन्हा आलं, ठक, ठक, या वेळी घाईनं. सवयीनं त्यांनी पाना उचलला आणि एक ठोका मारला. समजलं. लगेच शांत झालं, कुणाचा तरी जीव भांड्यात पडल्यासारखं.

मग त्यांच्या लक्षात आलं. सुमेध उत्तर द्यायचा. आपणहून त्यानं कधी पाइप वाजवला नव्हता.

तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली. सुमेध कोपऱ्यात कलंडला होता, ओठ निळे पडलेले. फरशी कोरडी होती. लोटा वरच्या खिडकीत उपडा होता, त्याच्या हाताला लागणार नाही असा. पंजाबरावांनी त्याची मान मागं केली, खिशातला फवारा नाकपुडीत दाबला आणि छातीकडं बघत बसले. पोराचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते, गार. तेवढ्यात डोक्यावरचा पाइप वाजला.

ठक, ठक.

 पंजाबरावांनी ते दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. कोण वाजवतंय हे बघायला मान वर करायचा त्यांना धीर होईना. किती वेळ गेला कोण जाणे. मग सुमेधच्या घशात घरघरलं, छाती एकदा वर आली, पुन्हा आली. पंजाबराव ढसाढसा रडले. फोन काढून त्यांनी गाडी बोलावली, आणि आपलं खरं नाव, खरा पत्ता, क्वार्टर नंबरासकट सांगितला.

पाइप अजून वाजतच होता. आता दोन-दोन नाही, नुसता धडधडत होता. पाइप वर जिथं भिंतीत शिरला होता त्या भोकातून दबलेला आवाज आला. पलीकडं भैयालालचं बाथरूम होतं. त्याच्या बंद दाराबाहेरून तोच बोलत होता.

“टीना, बेटा, एक ठोका मार नं. आत्ता तं मारला होता तू.”

पंजाबरावांनी दारात पडलेल्या पान्याकडं पाहिलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच, आख्ख्या लाइनीला ऐकू जाईल असा आवाज त्यांनी काढला.

“भैयालाल, दरवाजा तोड. टीना नाही, मी वाजवून राहिलो होतो.”