निळ्या विमानाचा खांदा

हवाई युद्धसराव पाहायला टेकडीवर दुर्बिणी घेऊन गर्दी जमली होती. निवृत्त लढाऊ वैमानिक वैजयंती धुरू नवऱ्याला, सुहासला, घेऊन आली होती. वर भिडलेल्या दोन्ही विमानांत माणूस नव्हता. त्यातलं निळं विमान वैजयंतीच्याच जुन्या उड्डाणांवरून लढायला शिकलं होतं.

लाल विमान मागे लागलं. निळं डावीकडे वळलं, पुन्हा डावीकडेच वळलं आणि अलगद सापडलं.

"उजवीकडे मोकळं आकाश होतं की!" सुहास हळहळला.

वैजयंती चमकली. "माझा उजवा खांदा दुखायचा, म्हणून मी तिकडे वळायचं टाळायचे. तेही उचललंय यानं!"

"यंत्राला कुठला आलाय खांदा?"

तिनं हसत तळावर फोन लावला. "त्या निळ्याला म्हणावं, तुझं काही दुखत नाहीये. खुशाल वळ."