दुष्काळातलं शेत

"चार पोती जव द्या मालक, ओढ्याकाठचं शेत तुमचं," छिल्बोक ओसरीखाली वाकून म्हणाला.

ओक्सिमच्या वडिलांनी पुस्तक मिटलं. "दोनच उरलीत. ती ने, पिकल्यावर फेड. शेत राहू दे."

"दोन पोत्यांत आठ तोंडं कशी भरू?"

"घरात कन्फ्यूशियस वाचायचा आणि दुष्काळात लोकांच्या जमिनी गोळा करायच्या, हे माझ्याच्यानं होणार नाही रे."

आतून ओक्सिम बाहेर आली. ती विधवा होऊन माहेरी परतली होती. मूलबाळ नव्हतं. वडिलांमागे घर आणि जमीन दत्तक घेतलेल्या पुतण्याकडे जाणार होती. "तुमची तत्त्वं तुमच्यापाशी, बाबा. उद्या मी काय खाऊ?"

"आज जेवलीस ना?" ते हसले.

दुपारी ती मागच्या दारानं बाहेर पडली. लग्नात मिळालेला, अंबाड्यात खोवायचा सोन्याचा काटा तिच्या मुठीत होता.

"कुठं गेली होतीस?" संध्याकाळी मुळ्याचं कढण पिताना त्यांनी विचारलं.

"ओढ्यावर."

"पाणी आहे का अजून?"

"थोडं आहे."

पहाटे ते उठलेच नाहीत.

सातव्या दिवशी त्यांच्या शवाची पालखी स्मशानटेकडीकडे निघाली. पुतण्या पुढं होता, ओक्सिम मागं. ओढ्याकाठच्या त्या शेताच्या बांधावर खांदेकरी रिवाजाप्रमाणे पैसे मागायला थांबले.

"मालक हटून बसलेत!" घंटा वाजवणारा म्हातारा ओरडला. "वाटखर्चाशिवाय हलत नाहीत म्हणतात! जिवंतपणी कधी मागितलं नाही, आज सगळं वसूल करणार!"

रडणाऱ्या बायकाही हसल्या. ओक्सिमनं पालखीच्या दोराला पैसे बांधले. पालखी हलली नाही.

पुढचा दांडा छिल्बोकच्या खांद्यावर होता.

"ए, मिळाले की पैसे! चल ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी कधीचा तयार आहे," छिल्बोक जमिनीकडं बघत म्हणाला. "मालकच विचारताहेत, मला कोणाच्या शेतातून नेता."

कोणाला काही उमगलं नाही. ओक्सिमला उमगलं. आणखी पैसे बांधले असते, तर छिल्बोकही निमूट चालला असता. त्या दुपारचा व्यवहार त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हता.

ती गर्दीतून वाट काढत पालखीपुढं आली. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, तुम्ही नको म्हणालात त्याच दुपारी हे शेत मी घेतलं. आता ते पुन्हा छिल्बोकचं आहे. चला."